वीज खर्चात, वाळू जमेत

माझ्या चुलत्यांच्या कपाटात सोसायटीच्या पावत्या आणि सातबाऱ्याचे उतारे यांच्या गठ्ठ्यात शेतीपंपाची दोन बिलं वेगळी घडी घालून ठेवलेली आहेत. दोन्हींवर भरायची रक्कम शून्य. पहिलं २००४ चं, विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर सुशीलकुमार शिंदे यांच्या सरकारने शेतीची वीज मोफत केली तेव्हाचं. दुसरं २०२४ चं, तेही विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावरचंच. मधल्या वीस वर्षांची बिलं कधीच बंबात गेली. ही दोनच का ठेवलीत, म्हणून विचारलं तर म्हणाले, "पहिलं शून्य वर्षभर टिकलं. हे किती टिकतंय ते बघायचंय."

त्यांना राज्याच्या अर्थसंकल्पातलं काही कळत नाही, असं ते स्वतःच म्हणतात. पण या प्रश्नात सगळं आलं. शून्य कुणी दिलं, कशाच्या जोरावर दिलं आणि ते काढून घेताना कुणाला विचारावं लागेल? याची उत्तरं शोधायला गेलं की हाताला जे लागतं ते फार पातळ आहे.

२८ जून २०२४ ला अतिरिक्त अर्थसंकल्पात घोषणा झाली. २५ जुलैला शासन निर्णय, म्हणजे जीआर निघाला. मुख्यमंत्री बळीराजा वीज सवलत योजना, साडेसात अश्वशक्तीपर्यंतचे पंप, सुमारे ४४ लाख शेतकरी, मुदत एप्रिल २०२४ ते मार्च २०२९, वर्षाचा खर्च १४,७६० कोटी रुपये. पाच वर्षांचा हिशेब केला तर सत्तर हजार कोटींच्या वर जातो. एवढ्या रकमेमागे कायदा म्हणून काय आहे? काही नाही, एक जीआर आहे. विधिमंडळ दरवर्षी पैसे मंजूर करतं, तेही अनेक ओळींतली एक ओळ म्हणून. म्हणजे वचन पाच वर्षांचं आणि पैसा एका वर्षाचा. ज्या सरकारने जीआर काढला ते, किंवा पुढचं कुठलंही, नवा जीआर काढून तो फिरवू शकतं. सभागृहात हात वर करायचीही गरज नाही. २००५ मध्ये पहिलं शून्य असंच फिरलं.

मोफत विजेच्या बाजूचा की विरोधातला, असं मला कुणी विचारलं तर मी सरळ उत्तर देणार नाही. शहरातल्या चर्चेत शेतीची वीज म्हणजे उधळपट्टी हे आधीच ठरलेलं असतं. पण कालव्याखालच्या शेतकऱ्याला जे पाणी मिळतं त्याचं धरण, कालवा, गेट, पाटकरी या सगळ्याचा खर्च सरकार कित्येक दशकं करत आलं, आणि त्याची पाणीपट्टी त्या खर्चाच्या जवळपासही जात नाही. कोरडवाहू पट्ट्यातल्या माणसाने स्वतः कर्ज काढून विहीर खणली, स्वतः मोटार घेतली आणि पाणी स्वतःच्या विजेने वर काढलं. त्याला विजेत सवलत मिळाली तर त्यात अन्याय काय? माझं भांडण सवलतीशी नाही. ती ज्या पद्धतीने दिली जाते तिच्याशी आहे, आणि ज्या गोष्टी त्या पद्धतीमुळे कधीच एका टेबलावर येत नाहीत त्यांच्याशी आहे.

२००३ च्या वीज कायद्याचं ६५ वं कलम छोटं आणि स्पष्ट आहे. एखाद्या वर्गाला वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दरापेक्षा स्वस्त वीज द्यायची असेल तर राज्य सरकारने फरकाची रक्कम वितरण कंपनीला आगाऊ द्यावी. आगाऊ, हा शब्द महत्त्वाचा. आयोग नावाची स्वतंत्र यंत्रणा आपण १९९९ मध्ये उभी केली, २००५ मध्ये वीज मंडळाचे तुकडे करून महानिर्मिती, महापारेषण, महावितरण केल्या, ते याचसाठी की राजकारण्याला वीज फुकट वाटायची असेल तर त्याने खिशात हात घालावा, कंपनीच्या नाही. प्रत्यक्षात पैसे उशिरा आले की कंपनी कर्ज काढते, ठेकेदारांची देणी लांबवते, देखभाल पुढे ढकलते. त्याचा अर्थ शेतात वेगळा दिसतो. ऐन हंगामात डीपी जळते. वायरमन म्हणतो, "वरून ट्रान्सफॉर्मर आला की बसवू." मग त्या डीपीवरचे शेतकरी वर्गणी काढतात, ट्रॅक्टर करतात, जळालेला ट्रान्सफॉर्मर स्वतः नेऊन टाकतात आणि दुरुस्त झालेला स्वतः आणतात. ही वर्गणी कुठल्याही बिलावर येत नाही. बिलावर शून्यच असतं.

आणखी एक गोष्ट, जिच्याकडे सभागृहात कुणी वळून बघत नाही. ही सवलत नेमकी किती युनिटवर दिली जाते हे मोजून सांगता येत नाही. राज्यातल्या शेतीपंपांचा मोठा हिस्सा मीटरशिवाय चालतो, त्यांचा वापर अश्वशक्तीवरून धरला जातो. जिथे मीटर आहेत तिथले किती नीट वाचले जातात हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. म्हणजे आपल्या ऊर्जा खात्याचा सगळ्यात मोठा खर्च अंदाजावर उभा आहे. अंदाज जास्त धरला की वितरणातली गळती आणि चोरी शेतीच्या नावावर खपते, शेतकरी बदनाम होतो आणि अनुदान फुगतं. कमी धरला की कंपनी तोट्यात जाते. आयोगापुढे हा वाद गेली वीस-पंचवीस वर्षं चालू आहे. गंमत अशी की उत्तर फार दूर नाही. गावठाण आणि शेतीचे फीडर, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिन्या, बऱ्याच ठिकाणी वेगळे झालेत, उपकेंद्रात फीडरला मीटर आहे. प्रत्येक शेती फीडरवर वर्षात किती युनिट गेले, हा तक्ता अर्थसंकल्पाच्या कागदपत्रांसोबत जोडा, एवढीच मागणी एखाद्या आमदाराने लावून धरली तरी अर्धं धुकं उडेल. पण अशी मागणी करायला वेळ लागतो, आणि वेळ ही आपल्या अर्थसंकल्पी अधिवेशनातली सगळ्यात टंचाईची वस्तू आहे.

२०२४ चंच बघा. २८ जूनला अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला गेला. ९ जुलैला, त्याच अधिवेशनात, ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या. मधे अकरा दिवस. घटनेच्या २०५ व्या कलमाने पुरवणी मागणीची सोय ठेवली ती अडीनडीसाठी, म्हणजे मंजूर रक्कम अपुरी पडली किंवा वर्षाच्या मध्ये नवीन काम उपटलं तर. किराणा भरून अकरा दिवस होत नाहीत तोच घरात पीठ संपलं असं कुणी म्हणालं तर आपण विचारू की यादी करताना झोपला होतात का. सभागृहात हा प्रश्न विचारला जातो, टाळ्या-आरडाओरडा होतो, मागण्या मंजूर होतात. त्या वर्षी डिसेंबरात नागपूरला पुन्हा पुरवणी मागण्या आल्या, आणि वीज सवलतीच्या पैशाचा एक हप्ता त्यांच्यातून आला. ज्या योजनेची रक्कम घोषणेच्या दिवशीच माहीत होती तिला पुरवणीचा आधार का लागावा? मूळ अर्थसंकल्पात पूर्ण रक्कम दाखवली तर तूट मोठी दिसते, म्हणून. दुसरं कारण मला तरी सुचत नाही.

बाकी खात्यांच्या खर्चाच्या मागण्यांवरच्या चर्चेचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ठरलेली वेळ संपली की उरलेल्या खात्यांच्या मागण्या एकगठ्ठा मताला टाकल्या जातात. ज्या खात्याचा नंबर चर्चेत लागला नाही त्याचे हजारो कोटी काही मिनिटांत पार होतात.

ऊर्जेचं धोरण अर्थसंकल्पाच्या घाईत उरकून घ्यायचा मोह फक्त आपल्याकडे नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात अर्थसंकल्पासोबत जी जोडविधेयकं येतात त्यांना तिथे 'ट्रेलर बिल' म्हणतात, ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीसारखी. २०१० मध्ये तिथल्या मतदारांनी सार्वमताने नियम बदलला आणि अर्थसंकल्प व त्याच्याशी निगडित विधेयकं साध्या बहुमताने, तात्काळ अंमलात येतील अशी मंजूर करायची मुभा दिली. हेतू चांगला होता, दरवर्षी अर्थसंकल्प रखडायचा तो रखडू नये. पण मग कुठल्याही विधेयकात हजार डॉलरची नाममात्र तरतूद टाकली की ते अर्थसंकल्पाचं विधेयक ठरू लागलं. हजार डॉलर! ३० जून २०२२ ला गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी सही केलेलं ऊर्जेचं ट्रेलर बिल त्यातलंच. त्याने मोठ्या सौर आणि पवन प्रकल्पांना स्थानिक परवानगीला वळसा घालून थेट राज्याच्या ऊर्जा आयोगाकडे जाण्याची वाट दिली, टंचाईच्या वेळी वीज विकत घेऊन ठेवायचा राखीव निधी उभा केला, आणि एका कलमात घरगुती ग्राहकांचा स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असो दरमहा भरायची ठरावीक रक्कम, उत्पन्नानुसार ठरवायचा हुकूम दिला. मजकूर छापून आल्यावर काही दिवसांत सगळं मंजूर. त्या शेवटच्या कलमाचा अर्थ बऱ्याच लोकप्रतिनिधींच्या लक्षात आला तो ग्राहकांचे फोन सुरू झाल्यावर. २०२४ मध्ये त्याच सभागृहातले सदस्य ते कलम मागे घेण्याचं विधेयक घेऊन उभे राहिले, आणि तरीही त्या वर्षीच्या मे महिन्यात तिथल्या नियामकाने २४.१५ डॉलरचा स्थिर आकार ठरवून टाकलाच. ज्यावर आपणच हात वर केला होता त्याविरुद्ध बोलायची वेळ त्यांच्यावर आली.

त्या कलमाच्या बऱ्यावाईटात मी जात नाही. उत्पन्नानुसार आकार ही कल्पना ऐकायला तरी न्याय्य आहे. पण चर्चा न होता आलेली न्याय्य गोष्टही लोकांना फसवणूक वाटते, आणि मग ती टिकत नाही.

तरीही कॅलिफोर्नियाला हसण्याआधी आपण आपल्याकडे बघावं. तिथे निदान कायद्याचा मजकूर तरी होता. २०१६ पासून तर असा नियम आहे की विधेयकाचा अंतिम मजकूर ७२ तास आधी छापून सर्वांसाठी खुला असल्याशिवाय मतदान घेता येत नाही. आपण कायदा करण्याच्या भानगडीतच पडत नाही. भाषणात घोषणा, महिन्याभरात जीआर, पैसा पुरवणीतून. जीआर संकेतस्थळावर टाकला की झाली पारदर्शकता. केंद्राने मात्र दुसरी वाट धरून पाहिलीय. २०१७ च्या वित्त कायद्यात वेगवेगळ्या न्यायाधिकरणांच्या नेमणुकांचे आणि सेवाशर्तींचे नियम बदलून टाकले, त्यात राष्ट्रीय हरित लवादही होता. नदी, जंगल, खाण यांच्या तक्रारी ज्या लवादापुढे जातात त्याच्या सदस्यांची नेमणूक कशी करायची, हे अर्थसंकल्पासोबतच्या धनविधेयकात! सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते नियम रद्द केले आणि हे धनविधेयक होऊ शकतं का, हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. राज्यातही घटनेचं १९९ वं कलम धनविधेयकाची व्याख्या देतं आणि १९८ व्या कलमाप्रमाणे विधान परिषदेला ते १४ दिवसांत परत करावंच लागतं, बदल सुचवता येतात पण लादता येत नाहीत. वरच्या सभागृहाला बाजूला ठेवून काही उरकायचं असेल तर हा रस्ता मोकळा आहे.

आता वाळूकडे येतो.

अर्थसंकल्पाच्या पुस्तकात वीज हा खर्च आहे, लेखाशीर्ष (हिशेबाचं खातं) २८०१. वाळू, मुरूम, दगड ही जमा आहे, लेखाशीर्ष ०८५३, ज्याच्या लांबलचक नावात कुठेही नदी हा शब्द नाही. शासनाच्या दृष्टीने नदीपात्रातली वाळू म्हणजे ब्रासमागे (शंभर घनफुटांमागे) मिळणारं स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी. २०२१ मध्ये वाळू-मुरुमासारख्या गौण खनिजाचा दर ब्रासला ४०० वरून ६०० रुपये झाला तो महसूल वाढावा म्हणूनच. प्रत्येक जिल्ह्याला गौण खनिजाच्या वसुलीचं वार्षिक उद्दिष्ट येतं, ते तालुक्यांत वाटलं जातं, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये तहसीलदार त्या आकड्यामागे पळत असतो. हाच तहसीलदार बेकायदा उपसा थांबवणारा अधिकारीही असतो. जमीन महसूल संहितेच्या ४८ व्या कलमाखाली तो बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड लावू शकतो, वाहन जप्त करू शकतो. आणि तो दंडही त्याच वसुलीत मोजला जातो. शांतपणे विचार केला तर ही विचित्र गोष्ट आहे. नदी अजिबात ओरबाडली गेली नाही तर तालुक्याचं उद्दिष्ट बुडतं. कायदेशीर उपसा झाला तरी भरतं, बेकायदा उपसा पकडला गेला तरी भरतं.

कुठल्याही तहसील कचेरीच्या मागच्या आवारात जा. जप्त केलेले टिप्पर, ट्रॅक्टर, क्वचित एखादी उपशाची बोट. टायर जमिनीत रुतलेले, ट्रॉलीत पावसाचं पाणी साचून शेवाळं धरलेलं, एका केबिनच्या खिडकीतून एरंड बाहेर आलेला मी स्वतः पाहिलाय. त्याच ट्रॉलीत तळाला मूठ-दोन मूठ वाळू अजून असते. ती कुठल्या घाटावरची होती हे जप्तीच्या पंचनाम्यात लिहिलेलं असतं. तिथे आता काय उरलंय, हे कुठेच नाही.

वाळूचं धोरण गेल्या काही वर्षांत ज्या वेगाने बदललं तो वेग जीआरनेच शक्य होतो. २०२३ मध्ये सरकारने ठरवलं की लिलाव बंद, सरकारी डेपो उघडायचे, लोकांना ६०० रुपये ब्रासने वाळू द्यायची. पहिला डेपो त्या वर्षी महाराष्ट्रदिनी श्रीरामपूर तालुक्यातल्या नायगावात सुरू झाला. कागदावर कल्पना उत्तम होती. पण वाहतुकीचा खर्च धरून घरी येईपर्यंत भाव कुठल्या कुठे जायचा, आणि डेपोवर वाळू नसायची. २०२५ च्या एप्रिलमध्ये डेपो गुंडाळून लिलाव परत आणले, घरकुलाच्या लाभार्थ्यांना पाच ब्रास मोफत द्यायचं ठरलं, आणि पाठोपाठ दगडाच्या कृत्रिम वाळूला सवलती जाहीर झाल्या. कृत्रिम वाळूचं पाऊल मला योग्य वाटतं, उशिरा पडलं एवढंच. पण तिकडून इकडे आणि इकडून तिकडे जाताना डेपो का फसले याचा अहवाल सभागृहापुढे आला का, त्यावर एखादा पूर्ण दिवस चर्चा झाली का? विधिमंडळाला धोरण कळलं ते वर्तमानपत्रवाल्यांना कळलं त्याच वेळी.

शास्त्र काही गुप्त नाही. वाळू पुरासोबत येते, दरवर्षी जेवढी येते तेवढीच काढली तर पात्र टिकतं. २०१२ मध्ये दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लहान घाटांनाही पर्यावरण परवानगीच्या कक्षेत आणलं. २०१६ पासून जिल्हा सर्वेक्षण अहवाल सक्तीचा झाला, त्यात कुठल्या घाटावर दरवर्षी किती वाळू नव्याने साठते याचा हिशेब असायला हवा. म्हणजे क्रम असा असायला हवा: आधी नदी किती देऊ शकते ते मोजा, मग तेवढ्याचेच घाट लिलावाला काढा, मग त्यातून जो पैसा येईल तो अर्थसंकल्पाच्या जमेत लिहा. प्रत्यक्षात जमेचा आकडा आधी लिहिला जातो. एकदा तो पुस्तकात छापला की तो नदीला पाळावा लागतो.

वीज आणि वाळू या दोन गोष्टी मी मुद्दाम जवळ आणल्यात, कारण शेतात त्या वेगळ्या नाहीत. नदीतली वाळू ही पाणी धरून ठेवणारी टाकी आहे. ती गेली की काठावरच्या विहिरी आधी आटतात. विहीर आटली की माणूस बोअर घेतो. बोअर खोल गेलं की मोटार मोठी लागते, वीज जास्त लागते, आणि ती वीज शून्य बिलाची असल्यामुळे किती लागली हे बघायचं कारण उरत नाही. पाणी अजून खाली जातं. मग सरकारचं अनुदान वाढतं. एका लेखाशीर्षात ब्रासमागे ६०० रुपये मिळवायचे आणि दुसऱ्यात त्याच काठावरच्या मोटारींच्या विजेसाठी मोजायचे, हा व्यवहार एका घरात झाला असता तर कारभाऱ्याला कुणीतरी विचारलं असतं. सरकारात महसूल, ऊर्जा, जलसंपदा आणि पाणीपुरवठा ही वेगळी खाती, वेगळे मंत्री, वेगळ्या मागण्या. त्यांची बेरीज कुठल्याच पानावर होत नाही.

कायदा केला की प्रश्न सुटतो असा माझा भाबडा समज नाही. भूजलाचा कायदा २००९ चा आहे, तो अंमलात आला २०१४ मध्ये, आणि त्यात साठ मीटरपेक्षा खोल विहिरींना बंदी आहे. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. आमच्याकडे पाचशे-सहाशे फुटांचं बोअर दिवसाढवळ्या, रस्त्याला लागून घेतात. रिगच्या आवाजाने अर्धं गाव जागं राहतं आणि कुणाला कायदा आठवत नाही. आणि कायदा कसा फिरवला जातो याचंही उदाहरण आपल्याकडे आहे. २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं, पाणीवाटपाचा निर्णय राजकारणापासून थोडा दूर न्यायचा म्हणून त्याचं कौतुक झालं. पुढे अप्पर वर्धा धरणातलं सिंचनाचं पाणी अमरावतीजवळच्या औष्णिक वीज प्रकल्पाला दिल्यावरून वाद पेटला, तेव्हा २०११ मध्ये दुरुस्ती झाली. कोणत्या क्षेत्राला किती पाणी, हे ठरवायचा अधिकार मंत्रिमंडळाकडे गेला आणि आधी झालेल्या वाटपांना संरक्षण मिळालं. पण त्या वेळी निदान विधेयक आणावं लागलं. कोण बाजूने होतं, कोण विरोधात, याची नोंद झाली. विदर्भातले लोक आजही ते सांगू शकतात. जीआर कुणी फिरवला हे कुणाला आठवतं?

आणि याच राज्याने एकदा हे नीट करून दाखवलंय. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीची कामं शासकीय आदेशावर चालली होती. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या पाठपुराव्याने १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. त्याआधी १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा करून शहरातल्या पगारदाराच्या खिशातून पैसा या योजनेसाठी बांधला गेला आणि तेवढीच भर राज्याने घालायची असं ठरलं. पैसा कुठून येणार, कुणाला मिळणार आणि मिळाला नाही तर दाद कुठे मागायची, तिन्ही गोष्टी कायद्यात. पगारातून व्यवसाय कर कापला जाताना मुंबईच्या कारकुनाने कुरकुर केली असेल, पण तो कशासाठी जातो हे त्याला माहीत होतं. आज सौर पंपांच्या योजनांसाठी उद्योग आणि व्यावसायिक ग्राहकांच्या विजेवर जादा कर लावायचा निर्णय २०२५ च्या सप्टेंबरात मंत्रिमंडळाने घेतला. कर वाईट नाही. पण ज्या योजनेसाठी तो घेणार तिचं स्वतःचं कायदेशीर अंग काय, किती वर्षं, किती पंप, किती भूजल असलेल्या गावात, हे व्यवसाय कराइतकं स्वच्छ बांधलेलं मला दिसत नाही.

सौर ऊर्जेबद्दल मी आशावादी आहे, हे इथे सांगून टाकतो. रात्रीच्या पाळीचा थ्री फेज ज्याने अनुभवलाय तो शून्य बिलापेक्षा दिवसाची वीज मागेल. माघातली थंडी, गहू ओंब्यांवर आलेला, लाईट रात्री साडेबाराला येणार. ऑटो लावून मोटार सुरू होते, पण पाणी आपोआप वाफ्यात जात नाही, दारं धरायला माणूस लागतोच. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात खोरं, आणि उसाच्या फडाकडे पाठ करायची नाही, कारण बिबट्या. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने फीडरच सौर प्रकल्पाला जोडायचं ठरवलं, वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावात तिच्या दुसऱ्या टप्प्यातला पहिला तीन मेगावॉटचा प्रकल्प २०२४ मध्ये उभा राहिला. जमीन भाड्याने घेतात, हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये. वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते, कोळशाच्या विजेपेक्षा कितीतरी स्वस्त. म्हणजे अनुदानाचा बोजाही हलका होईल. उत्तम. पण दिवसभर फुकट चालणारी मोटार विहिरीचा तळ रात्रीच्या मोटारीपेक्षा लवकर गाठेल, ही गोष्ट या योजनेच्या कुठल्या कागदात लिहिली आहे?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. शेतीपंपाच्या वीज सवलतीचा कायदा करा. सवलत कमी करायला नव्हे, ती सहजासहजी काढता येऊ नये म्हणून. त्यात आगाऊ पैसे देण्याच्या तारखा लिहा, फीडरनिहाय युनिट जाहीर करणं बंधनकारक करा, भूजल धोक्याच्या पातळीवर गेलेल्या पाणलोटात सवलतीसोबत ठिबकची आणि पीक बदलाची मदत जोडा. गौण खनिजाची वसुली तहसीलदाराच्या उद्दिष्टातून काढा. महसूल आणि पहारा एकाच हातात ठेवू नका. ऊर्जा आणि नैसर्गिक संपत्तीचे नियम बदलणारा कुठलाही मजकूर मताला टाकण्याआधी किमान तीन दिवस लोकांसमोर ठेवा. केरळात १९८० पासून विषय समित्या आहेत, संसदेत १९९३ पासून खात्यांच्या स्थायी समित्या मागण्या तपासतात. आपल्या आमदारांनाही ०८५३ आणि २८०१ ही दोन लेखाशीर्षं एकाच बैठकीत, अधिकाऱ्यांना समोर बसवून, शेजारी शेजारी वाचायची हक्काची वेळ मिळायला हवी.

यावर मंत्रालयातलं ठरलेलं उत्तर असं की कायदा ताठर असतो, जीआर लवचीक. चूक झाली तर लगेच दुरुस्त करता येते. वाळूच्या धोरणात ही लवचीकता आपण पाहिली. आणि खनिजाच्या बाबतीत तर आता हे उत्तर आणखी तोकडं पडणार आहे. २५ जुलै २०२४ ला, योगायोगाने बळीराजा योजनेचा जीआर निघाला त्याच दिवशी, सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा मताने सांगितलं की स्वामित्वधन हा कर नव्हे, आणि खनिजाच्या हक्कावर कर लावायचा अधिकार राज्यांच्या विधिमंडळांना आहे. झारखंड आणि तामिळनाडूने लगेच कायदे केले. गडचिरोलीचं लोहखनिज आणि चंद्रपूर-यवतमाळचा कोळसा असलेल्या आपल्या राज्याला हा मोह आज ना उद्या होणारच. तो कर आला तर त्याचा पैसा कुठे जाणार? चंद्रपूरच्या धुळीत राहणाऱ्यांकडे, की पुढच्या निवडणुकीच्या घोषणेकडे? खाणबाधित भागांसाठीच्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी आजच विधिमंडळाच्या मताबाहेर, न्यासात पडून खर्च होतो. नव्या कराचं तसं होऊ द्यायचं नसेल तर त्याच्या कलमांवरची चर्चा कर लावण्याआधी व्हायला हवी.

चुलत्यांना मी यातलं काही सांगितलं, थोडंसंच. त्यांनी ऐकून घेतलं आणि नदीचा विषय काढला. त्यांच्या लहानपणी पोळ्याला बैल धुवायचे त्या डोहात आता खालचा काळा खडक उघडा पडलाय. विहीर नदीपासून दीडशे पावलांवर. या उन्हाळ्यात त्यांनी मोटार आणखी दोन पाइप खाली सोडली. बिल शून्यच आलं.